चार तंतुवाद्ये आणि एक आगंतुक
स्थलांतरावरील मैफल म्हटली, की रंगमंचामागे निर्वासितांची छायाचित्रे झळकवावयाची आणि निवेदकाने सद्गदित स्वरात प्रास्ताविक करावयाचे, असा जो शिरस्ता अलीकडे पडत चालला आहे, तो मला संगीतावरील अविश्वासाचाच दाखला वाटतो. पूर्व युरोपातून आलेल्या ज्यू कुटुंबात अर्जेंटिनातील ला प्लाता येथे जन्मलेल्या, पुढे जेरुसलेम आणि तेथून अमेरिका असा मुलूख पालटीत गेलेल्या ओस्वाल्दो गोलिहोव यांनी १९९४ मध्ये चार तंतुवाद्ये व क्लॅरिनेट यांच्यासाठी ‘द ड्रीम्स अँड प्रेअर्स ऑफ आयझॅक द ब्लाइंड’ ही जी रचना केली, तिला असल्या कुबड्या लागत नाहीत. क्रोनोस क्वार्टेट या तंतुवाद्यांच्या चौकडीच्या साथीने क्लॅरिनेटवादक डेव्हिड क्राकावर क्लेझ्मरची, म्हणजे ज्यूंच्या लग्नघरची, वळणे घेऊ लागले, की हसता हसता हुंदका फुटावा तसा सूर खाली ओघळतो, आणि व्हायोलिने, व्हिओला व चेलो त्याला कधी आसरा देतात, कधी त्याच्या अंगावर धावून जातात. यजमान आणि आगंतुक यांच्या संबंधाची इतकी प्रांजळ जबानी सरकारी दप्तरात सापडणे कठीण. (क्लॅरिनेट म्हणजे वरातीचा बँड, असे म्हणून नाक मुरडणाऱ्यांनी हे अवश्य ऐकावे.) तिसरा भाग तर मूळचा सिनेगॉगमधील गायकाच्या कंठासाठी लिहिलेला, येथे शब्द मागे राहिले आहेत आणि प्रार्थना तेवढी वाद्यात बिऱ्हाड करून आहे. आयोजकांनी पडद्याचे भाडे वाचवून ती रक्कम पाचव्या वादकाच्या तालमींवर खर्चावी.