मिस्त्रीची पोर आणि कंपनीची कुलुपे

पश्चिम रेल्वेच्या पालघर आणि बोईसर या दोन स्थानकांच्या मधले उमरोळी हे गाव. एका बाजूला जिल्ह्याचे नवे मुख्यालय, दुसऱ्या बाजूला तारापूरची औद्योगिक वसाहत. या रस्त्यावर पहाटेपासून जी वाहने धावतात त्यांतील फार थोडी हौसेची असतात. कारखान्याच्या पाळीला कामगार पोचवणारी व्हॅन, भाजीपाला बाजारात नेणारा टेम्पो, शाळेची मुले ने-आण करणारी गाडी, ही सारी कुणाच्या तरी कर्जावर उभी असलेली पोटापाण्याची साधने आहेत. अशी गाडी बंद पडली की तिच्या मालकापुढे प्रश्न उभा राहतो : कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला न्यायची, की नाक्यावरच्या मिस्त्रीकडे?

वर्तमानपत्रांच्या ग्राहक-पुरवण्या या प्रश्नाचे ठरीव उत्तर देतात. वॉरंटी असेतो कंपनीकडे जावे, ती संपली की ओळखीच्या गॅरेजात. सल्ला व्यवहारी आहे, पण तो प्रश्नाचे सारे ओझे एकट्या ग्राहकाच्या शहाणपणावर टाकतो. जणू दोन खुली दुकाने समोरासमोर मांडली आहेत आणि शहाण्याने त्यांतले एक निवडायचे आहे! वस्तुस्थिती अशी की त्यांतील एका दुकानाच्या दाराला दुसऱ्याने बाहेरून कुलूप घातलेले आहे. सुटा भाग मागावा तर तो अधिकृत विक्रेत्याशिवाय कुणाला द्यायचा नाही. बिघाड शोधावा तर त्याचा स्कॅनर आणि सॉफ्टवेअर कंपनीच्या ताब्यात. आणि बाहेरच्या हाताने बोल्ट सैल केलाच तर वॉरंटी रद्द. याला निवड म्हणणे ही शब्दांची थट्टा आहे.

हा केवळ डाव्या मंडळींचा आक्रस्ताळेपणा आहे असे कुणी समजू नये. भारतीय स्पर्धा आयोगाने २०११ साली आलेल्या एका तक्रारीवरून चौकशी केली आणि २५ ऑगस्ट २०१४ रोजी देशातील १४ मोटार कंपन्यांना सुमारे २,५४४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. यात देशी-विदेशी असा भेद नव्हता. मारुती, टाटा, महिंद्र यांच्यासह होंडा, टोयोटा, फोर्डही एकाच पंगतीत बसल्या होत्या. सुटे भाग व निदानाची उपकरणे स्वतंत्र गॅरेजना न देणे, भाग बनवणाऱ्या कारखान्यांना ते खुल्या बाजारात विकण्यास मनाई करणे, बाहेर दुरुस्ती केली म्हणून सरसकट वॉरंटी नाकारणे, या साऱ्यांवर आयोगाने नेमके बोट ठेवले.

कंपन्यांचा बचाव अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने मुद्दाम अभ्यासावा असा होता. गाडी घेतानाच ग्राहक तिच्या जन्मभराच्या दुरुस्तीचा हिशेब करतो. महाग वाटली तर तो दुसऱ्या कंपनीची गाडी घेईल. म्हणून गाड्यांच्या बाजारात स्पर्धा आहे तोवर दुरुस्तीच्या बाजारात मक्तेदारी संभवतच नाही, असे त्यांचे म्हणणे. छापील पुस्तकातला ग्राहक असा हिशेब करीत असेल. उमरोळीचा टेम्पोवाला कर्जाचा पहिला हप्ता भरतो तेव्हा पाच वर्षांनंतरच्या क्लचप्लेटची किंमत त्याला कोण सांगतो? आणि गाडी एकदा दारात आली की तो त्या कंपनीचा बंदा ग्राहक होतो. एका कंपनीचा भाग दुसरीला बसत नाही. आयोगाने हा बचाव फेटाळला आणि प्रत्येक कंपनी स्वतःच्या गाडीच्या सुट्या भागांच्या बाजारात प्रभुत्वस्थानी आहे असा निष्कर्ष काढला. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानेही १९९२ साली कोडॅक कंपनीच्या यंत्रदुरुस्तीच्या खटल्यात हाच युक्तिवाद जसाच्या तसा मान्य करण्यास नकार दिला होता. त्या देशात तर कंपनीचाच भाग किंवा कंपनीचीच सेवा घेतली पाहिजे अशी अट वॉरंटीला जोडण्यास १९७५ च्या कायद्याने सर्वसाधारणपणे बंदी आहे. भांडवलशाहीच्या माहेरघरी जे मान्य झाले, ते भारतात मागणे म्हणजे क्रांती मागणे नव्हे.

मग निकालाचे पुढे काय झाले? जे होते तेच. कंपन्या अपिलात गेल्या. डिसेंबर २०१६ मध्ये अपील न्यायाधिकरणाने तीन कंपन्यांच्या बाबतीत दोष कायम ठेवला, परंतु दंडाची मोजणी एकूण उलाढालीऐवजी केवळ सुट्या भागांच्या उलाढालीवर करून तो कमी केला. प्रकरणे वरच्या न्यायालयांत रेंगाळली आणि दरम्यान कुलूप भागांवरून सॉफ्टवेअरवर सरकले. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने दुरुस्तीच्या हक्कासाठी एक पोर्टल उघडले. त्यावर कंपन्यांनी माहिती ठेवावी अशी अपेक्षा. अपेक्षा आणि कायदा यांत जे अंतर आहे तेच ग्राहक आणि कंपनी यांच्या बळात आहे.

सुरक्षिततेचा मुद्दा मात्र हसण्यावारी नेता येणार नाही. ब्रेक चुकीचा बसला तर माणूस मरतो. पण सुरक्षितता सिद्ध व्हायची ती कामगाराच्या कौशल्याने आणि भागाच्या प्रमाणीकरणाने. दारावरच्या पाटीने नव्हे. कंपनीच्या खोक्यातून येणारे अनेक भाग मुळात बाहेरच्याच कारखान्यांत घडतात. अस्सल माल खुलेपणाने मिळत नाही तेथे नकली मालाचे फावते, हे साधे बाजारसत्य आहे. आयोगानेही बाहेरच्या सदोष दुरुस्तीमुळे जेवढे नुकसान झाले तेवढ्यापुरतीच वॉरंटी नाकारण्याची मुभा ठेवली होती. याहून न्याय्य वाटणी कोणती?

आता चळवळीतल्या दोन गैरसमजांकडे वळले पाहिजे. पहिला असा की, गाडीवाल्यांचे प्रश्न हे मध्यमवर्गाचे चोचले. जो कार्यकर्ता असे म्हणतो त्याने बोईसर स्थानकाबाहेर पाळी सुटताना तासभर उभे राहावे. टेम्पोच्या दुरुस्तीचा खर्च शेवटी भाड्यात येतो आणि ते भाडे कंत्राटी कामगाराच्या रोजातून जाते.

दुसरा गैरसमज याहून गोड आणि म्हणून अधिक घातक आहे. कंपनी दुष्ट, तर मिस्त्री साधू! गॅरेजात ऑइलने माखलेले जे पोर पाने हातात देते त्याचे वय कोणी विचारले आहे काय? चौदा वर्षांखालील मुलांना कामावर ठेवण्यास २०१६ च्या दुरुस्तीने बंदी झाली. तरीही ‘छोटू’ ही हाक थांबलेली नाही. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्याने दहापेक्षा कमी माणसे असलेल्या जागांना बहुतेक तरतुदींतून मोकळे केले, आणि नाक्यावरची जवळपास सारी गॅरेजे त्यांतच मोडतात. ठरलेला पगार नाही, भविष्यनिर्वाह निधी नाही, बोट तुटले तर भरपाई नाही. मिस्त्रीची बाजू घ्यायची तर मिस्त्रीच्या पोराचीही घ्यावी लागेल. एरवी ती केवळ छोट्या मालकाची वकिली ठरेल. सर्व्हिस सेंटरच्या काचेमागे जो तरुण बिलाचे लक्ष्य गाठण्यासाठी नको ते काम ग्राहकाच्या गळ्यात मारतो, तोही पगारी मजूरच आहे. त्याचे हित गॅरेजवाल्याच्या विरोधात नाही.

समाजवादी चळवळीला हे क्षेत्र नवे नाही. मुंबईच्या टॅक्सीवाल्यांना जॉर्ज फर्नांडिस यांनी संघटित केले आणि सावकाराच्या तावडीतून सुटण्यासाठी १९६८ साली कामगारांची सहकारी बँक उभी राहिली. तीच पुढे न्यू इंडिया सहकारी बँक झाली. २०२५ साली तिच्यावर रिझर्व्ह बँकेचे निर्बंध आले आणि त्याच वर्षी ती सारस्वत बँकेत विलीन झाली. या कहाणीचे दोन्ही धडे घ्यावेत : संघटना करता येते, आणि सभासदांची नजर हटली की ती हातची जाते.

तेव्हा काम स्पष्ट आहे. भाग, उपकरणे आणि दुरुस्तीची माहिती वाजवी दरात सर्वांना देण्याचे बंधन कंपन्यांवर घालणारा कायदा हवा, पोर्टल नव्हे. जिल्ह्यातील शासकीय औद्योगिक प्रशिक्षण संस्थांनी काम करून शिकलेल्या मिस्त्रींची परीक्षा घेऊन त्यांना प्रमाणपत्र द्यावे. पालघर-बोईसर पट्ट्यातील गॅरेजवाल्यांनी सहकारी तत्त्वावर एक स्कॅनर आणि सुट्या भागांचे एक भांडार उभारावे; एकट्याला न झेपणारी वस्तू वीस जणांना सहज झेपते. सभासदत्वाची पहिली अट मात्र ही असावी की, गॅरेजात पोर राबणार नाही आणि कामगाराचे वेतन वहीत लिहिले जाईल.

ही वही कार्यकर्त्यांनी आधी उघडावी. मग कंपनीच्या कुलपाला हात घालण्याचा नैतिक अधिकार आपोआप येईल.