परसबाग : मटारांच्या वाफ्यातील मोकळी जागा

दिवाळी सरली, पहाटेच्या हवेत गारवा आला, की माळव्यातील मराठी गृहिणीला मटारांची आठवण होते. इंदूरच्या बाजारात मटाराला बटला म्हणतात आणि बटल्याची कचोरी हा तेथील हिवाळ्याचा मानच आहे. आपल्या घरी मात्र मटारभात आणि उसळ यांवाचून पौष जात नाही. अंगणात थोडी उन्हाची जागा असेल तर हे पीक अवश्य घ्यावे, असे आम्ही सुचवितो. शेंग खुडल्यापासूनच दाण्यातील साखर कमी होऊ लागते. सकाळी तोडून दुपारी शिजविलेल्या मटारांची गोडी मंडईतल्या ढिगात कोठून मिळणार?

तथापि, अनेक भगिनींची तक्रार असते की वेल हिरवेगार माजतात, पुढे पानांवर पांढरी भुकटी पसरते, आणि शेंगा ओंजळभरसुद्धा हाती लागत नाहीत. ही भुकटी म्हणजे भुरी रोग. मूठमूठ बी फेकलेल्या वाफ्यात ऊन आत पोहोचत नाही, वारा खेळत नाही, आणि दाट पानोऱ्याच्या सावलीत भुरीला आयते घर मिळते. कोरडे दिवस व गार रात्री तिला मानवतात, आणि आपला हिवाळा नेमका तसाच असतो.

ऑक्टोबरच्या मध्यापासून नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत पेरणी उरकावी. अर्केल ही ठेंगणी, लवकर येणारी जात; तिच्या दोन ओळींत ३० सेंटिमीटर आणि दोन बियांत ५ ते ७ सेंटिमीटर, म्हणजे तीन-चार बोटे, अंतर ठेवावे. बोनव्हिल उंच वाढते. तिला ओळींत ४५ व रोपांत १० सेंटिमीटर द्यावे आणि आधाराला तुराट्या रोवाव्यात. बी ३-४ सेंटिमीटर खोल असावे. दोन मीटर लांब व एक मीटर रुंद वाफ्यात अर्केलची सुमारे ९५ ते १३० रोपे मावतात. हा आकडा ऐकून पुष्कळांना वाफा रिकामाच राहिला असे वाटते!

एवढे करूनही कोठे दाटी झालीच तर विरळणी करावी. येथेच आपले हात अडखळतात. उगवलेले रोप काढणे जिवावर येते. ते उपटू नये, शेजारच्याची मुळे दुखावतात. कात्रीने बुंध्याशी कापावे. कोवळे शेंडे भाजीत छान लागतात, तेव्हा वाया काही जात नाही.

काळ्या मातीत पाणी साचून मुळे कुजतात, म्हणून वरंब्यावर लावणे बरे. मुळांवरील गाठींतील जिवाणू हवेतला नत्र पुरवितात. युरियाचा मारा केला तर पालाच माजेल. पाणी फुलोऱ्यात व दाणे भरताना चुकवू नये. कडाक्याच्या थंडीची चाहूल लागताच संध्याकाळी हलके पाणी दिल्यास फुलांचे हिमापासून थोडेफार रक्षण होते. त्याच वाफ्यात पुढील दोन-तीन वर्षे मटार नकोत.

शेंगा भरू लागल्या की दोन-तीन दिवसांआड खुडाव्यात. जून शेंगा वेलावर राहिल्या की नवी फुले येणे मंदावते. बियाण्यासाठी निरोगी असे दोन-चार वेल मात्र राखावेत आणि त्यांना रंगीत दोरा बांधून ठेवावा. नाहीतर शाळेतून परतलेली मुले त्यांचाच प्रथम फडशा पाडतील.