चष्म्याचे पैसे वसूल!

शुक्रवारची संध्याकाळ. विठ्ठलवाडीला घरी जाण्याऐवजी एक स्टेशन आधी, कल्याणलाच उतरून पिक्चर टाकायचा बेत शिजतोय. बुकिंग करताना मात्र नेहमीचा यक्षप्रश्न: टू-डी की थ्री-डी? चष्म्याचे पैसे वर! मग ग्रुपमधलं कुणीतरी म्हणतंच, ‘जाऊ दे ना, टू-डी घे.’ एरवी ठीक आहे. पण पिक्चर स्टॉप-मोशनचा असेल तर बॉस, इथे कंजुषी नको!

स्टॉप-मोशन म्हणजे खरीखुरी बाहुली. तिचा हात केसभर हलवायचा, फोटो काढायचा. पुन्हा हलवायचा, पुन्हा फोटो. पडद्यावरच्या एका सेकंदाला २४ चौकटी! हे वेड आपल्याकडे जुनंच आहे. दादासाहेब फाळक्यांनी ‘राजा हरिश्चंद्र’च्या (१९१३) आधी वाटाण्याच्या रोपाची वाढ अशीच एकेक चौकट टिपून दाखवली होती. पुढे १९१५मध्ये ‘आगकाड्यांची मौज’साठी त्यांनी चक्क काड्यापेटीतल्या काड्या नाचवल्या.

आता थ्री-डीची गंमत बघा. हलत्याबोलत्या माणसांना थ्री-डीत टिपायचं तर दोन डोळ्यांसाठी दोन लेन्स एकाच वेळी चालवाव्या लागतात. नाहीतर नंतर कॉम्प्युटरवर कारागिरी करायची. बाहुली मात्र बिचारी जागची हलत नाही! त्यामुळे एकच कॅमेरा पुरतो. आधी डाव्या डोळ्याचा फोटो, मग कॅमेरा किंचित सरकवून उजव्याचा. हेन्री सेलिकचा ‘कोरालाइन’ (२००९) हा अख्खा थ्री-डीत शूट झालेला पहिला स्टॉप-मोशन चित्रपट. त्यात कोरालाइनच्या खऱ्या घराचे सेट मुद्दाम चपटे, कोंदट ठेवले होते आणि छोट्या दारापलीकडच्या मायावी घराला ऐसपैस खोली दिली होती. खोली, दोन्ही अर्थांनी! त्या पोरीला तिकडे का जावंसं वाटतं, हे चष्म्यातून न सांगता कळतं.

‘ओटीटीवर बघू की!’ बघा ना, पण चपटा. थ्री-डी टीव्ही तर बड्या कंपन्यांनी २०१७च्या सुमारास बनवणंच बंद केलं. म्हणजे ही मजा आता मुख्यतः थिएटरातच. त्यात असे पिक्चर फार टिकत नाहीत. दुसऱ्या आठवड्यात उरतो तो ऑफिसच्या वेळेतला एखादा शो. तेव्हा पहिलाच वीकेंड पकडा.

दोन टिप्स. चष्म्यामुळे पडदा थोडा काळपट दिसतो, म्हणून काचा आधी स्वच्छ पुसून घ्या आणि मधल्या रांगांतली मधली सीट गाठा. आणि ‘कार्टून आहे’ म्हणून चिमुरड्या भाच्याला ‘कोरालाइन’ दाखवू नका, रात्री झोपायचा नाही!

आणि हो, श्रेयनामावली सुरू झाली की लगेच पार्किंगकडे पळू नका. ‘द बॉक्सट्रोल्स’च्या (२०१४) शेवटी बाहुल्या हलवणारा माणूसच पडद्यावर दिसतो. कामाचा कंटाळा आलेल्यांनी तर तेवढं जरूर बघावं.