शिकागोचा तुरुंग आणि मनोरुग्ण कैदी

मे 2025 मध्ये पोप लिओ चौदावे यांची निवड झाली आणि त्यांचे जन्मस्थान म्हणून शिकागोचे नाव आपल्या धर्मग्रामांतूनही ऐकू येऊ लागले. या शहरातील कुक कौंटीचा तुरुंग मात्र आपल्या फारसा परिचयाचा नाही. कौंटी म्हणजे साधारणतः आपला जिल्हा. 96 एकरांवर पसरलेल्या या तुरुंगातील बहुतेक माणसे शिक्षा भोगत नसून खटल्याची वाट पाहत असतात. त्यांपैकी सुमारे एक तृतीयांश मानसिक आजाराने ग्रस्त असतात, असे 2006 साली शेरीफपदी आलेले टॉम डार्ट वर्षानुवर्षे सांगत आले आहेत.

हे का घडले? 1955 साली अमेरिकेच्या सरकारी मनोरुग्णालयांत साडेपाच लाखांहून अधिक रुग्ण होते. तेथील हालअपेष्टा उघड झाल्या, नवी औषधेही आली. 1963 मध्ये राष्ट्राध्यक्ष केनेडी यांनी लोकवस्तीत उपचार केंद्रे उभारण्याचा कायदा केला. (त्यांची बहीण रोझमेरी 1941 मध्ये मेंदूवर झालेल्या शस्त्रक्रियेमुळे कायमची परावलंबी झाली होती, हा प्रश्न त्यांच्या घरातलाच होता.) पुढे रुग्णालये रिकामी झाली, केंद्रे मात्र पुरेशी उभी राहिली नाहीत. शिकागो महापालिकेने तर 2012 साली काटकसरीच्या नावाखाली आपल्या 12 पैकी 6 मानसिक आरोग्य केंद्रांना टाळे ठोकले. औषध थांबलेला, घर सुटलेला माणूस कोणाच्या आवारात आसऱ्याला शिरतो, दुकानातून खाण्याची वस्तू उचलतो. लोक पोलिसांना बोलावतात, आणि पोलिसांपाशी त्याला नेण्यासाठी तुरुंगावाचून दुसरी जागा नसते.

तुरुंगाची स्थितीही शोचनीय होती. 2008 साली केंद्रीय न्याय खात्याने तेथील वैद्यकीय व मानसिक उपचारांवर कडक ठपका ठेवला. 2010 मध्ये न्यायालयाच्या देखरेखीखाली सुधारणा सुरू झाल्या. 2015 साली तुरुंगाच्या प्रमुखपदी डॉ. नेका जोन्स तापिया या मानसशास्त्रज्ञ महिलेची नेमणूक झाली. आत येणाऱ्या प्रत्येकाच्या आजाराची विचारपूस करून उपचार सुरू करण्यावर भर देण्यात आला. या कामाचे कौतुक झाले आणि ते रास्तच होते. तरीही मन अस्वस्थ होते. उपचारासाठी माणसाला आधी आरोपी व्हावे लागावे, ही कसली व्यवस्था?

याला कायद्याचीही एक बाजू आहे. 1976 च्या एका निकालात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने कैद्यांच्या गंभीर आजाराकडे जाणूनबुजून दुर्लक्ष करणे घटनाबाह्य ठरवले. अशा प्रकारे बंदिवानाला उपचाराचा घटनात्मक हक्क मिळाला. बाहेरच्या गरीब रुग्णाला तसा हक्क नाही. उलट, गरिबांसाठीची मेडिकेड ही सरकारी आरोग्य योजना 1965 मध्ये सुरू झाली तेव्हापासूनच कैद्याच्या उपचारांचा खर्च सहसा तिच्याबाहेर ठेवण्यात आला. परिणामी तुरुंगातील डॉक्टर व बाहेरील डॉक्टर यांच्यातील दुवा तुटतो. न्यायालयाने अचानक सोडलेला कच्चा कैदी गोळ्या आणि पुढच्या डॉक्टरची चिठ्ठी घेऊन निघेलच, याची शाश्वती नसते. सुटकेनंतरचे पहिले काही दिवस त्यामुळेच सर्वांत धोक्याचे असतात. सुटकेपूर्वीच्या काळात काही सेवा मेडिकेडमधून देण्याची मुभा इलिनॉय राज्याला 2024 मध्ये मिळाली. आमच्या मते नव्या इमारतींपेक्षा हे पाऊल अधिक मोलाचे आहे.

सप्टेंबर 2023 मध्ये इलिनॉयने रोख जामिनाची पद्धतच रद्द केली. असे करणारे ते अमेरिकेतील पहिले राज्य. केवळ पैसे नाहीत म्हणून मनोरुग्णाला महिनोन्‌महिने कोठडीत ठेवणे त्यामुळे थांबले. परंतु दाराबाहेर पडल्यावर त्याने जायचे कोठे, याचे उत्तर त्या कायद्यात नाही.

शिकागो महाधर्मप्रांताचे 'कोल्बे हाऊस' हे सेवाकेंद्र तुरुंगाच्या जवळच आहे. ऑशविट्‌झच्या छळछावणीत 1941 साली दुसऱ्या कैद्याच्या जागी मरण पत्करणाऱ्या संत मॅक्सिमिलियन कोल्बे यांचे नाव त्याने धारण केले आहे. तेथील धर्मगुरू व प्रापंचिक कार्यकर्ते कैद्यांना भेटतात, प्रार्थना करतात, सुटून आलेल्यांना आधार देतात. अमेरिकन बिशपांनीही 2000 सालच्या आपल्या निवेदनात गुन्हेगारीच्या प्रश्नाचा विचार करताना मनोरुग्णांच्या उपचारांकडे लक्ष वेधले होते. कोल्बे हाऊसचे कार्यकर्ते सोबत करू शकतात; पण औषध लिहून देणारा डॉक्टर आणि रात्री झोपायला खोली या दोन गोष्टी शहराने व राज्यानेच पुरवायच्या आहेत.