गोगलगायीला गोगलगायीने हटवावे का?



"जैविक नियंत्रण म्हणजे काय?" असा प्रश्न आला की आपण झटकन उत्तर लिहितो. एका सजीवाच्या मदतीने दुसऱ्या उपद्रवी सजीवाची संख्या कमी ठेवणे. उदाहरणार्थ, डासांच्या अळ्या खाणारे गप्पी मासे. दोन गुण मिळतात, विषय संपतो. या वर्षी मी वर्गात गप्पी माशांऐवजी गोगलगायींचे उदाहरण घेतले. तेव्हा मागच्या बाकावरच्या एका मुलीने विचारले, "सर, आणलेली गोगलगाय नंतर नकोशी झाली तर ती परत कशी पाठवायची?" मी थोडा गडबडलोच. आजचा लेख त्या प्रश्नामुळे आहे.

आधी आजार समजून घेऊ. शिस्टोसोमियासिस, म्हणजेच बिल्हार्झिया, हा रक्तवाहिन्यांत राहणाऱ्या चपट्या कृमीमुळे होतो. आजारी माणसाच्या शौचातून किंवा लघवीतून कृमीची अंडी पाण्यात जातात. अंड्यातून निघालेली अळी थेट माणसात शिरत नाही. तिला आधी गोड्या पाण्यातली एक ठराविक जातीची गोगलगाय लागते. गोगलगायीच्या शरीरात तिची संख्या प्रचंड वाढते, मग हजारो नव्या अळ्या पाण्यात सुटतात आणि पाण्यात उभ्या असलेल्या माणसाच्या त्वचेतून आत घुसतात. म्हणजे पाणी प्यायलाच हवे असे नाही, नुसते पाय बुडाले तरी पुरे! प्राझिक्वांटेल हे औषध चांगले आहे, पण बरा झालेला माणूस पुन्हा त्याच पाण्यात उतरला की पुन्हा आजारी पडतो.

हा आजार मुख्यतः आफ्रिकेतला. पण आपला काय संबंध, असे म्हणू नका. 1952 मध्ये गडगीळ आणि शाह यांनी रत्नागिरी जिल्ह्यातल्या गिमवी गावात याचे रुग्ण असल्याचे नोंदवले होते. तिथे संशय गेला तो फेरिसिया नावाच्या, काही मिलिमीटर लांबीच्या, टोपीसारख्या दिसणाऱ्या गोगलगायीवर.

आता कॅरिबियन बेटांकडे जाऊ. गुलामांच्या व्यापारात आफ्रिकेतून माणसे तिकडे नेली गेली आणि त्यांच्या शरीरातून कृमीही गेला. तिथल्या पाण्यात बायोम्फॅलेरिया ग्लॅब्राटा ही गोगलगाय होतीच, त्यामुळे आजार रुजला. तिला मारायला विषारी औषध टाकले तर मासेही मरतात, आणि वाचलेल्या चार गोगलगायी काही महिन्यांत तळे पुन्हा भरून टाकतात. म्हणून दुसरी युक्ती निघाली: मारायचे नाही, जागाच द्यायची नाही.

पोर्तो रिकोमध्ये 1950च्या दशकात सिंचनाच्या तळ्यांत मारिसा ही दक्षिण अमेरिकेतली मोठी, पट्ट्यापट्ट्यांची गोगलगाय सोडली. ती पाणवनस्पती फस्त करते आणि जाता जाता बायोम्फॅलेरियाची अंडी-पिल्लेही खाते. साचलेल्या पाण्यात याचा उपयोग झाला, वाहत्या ओढ्यात मात्र कमी. पुढे मार्टिनिक बेटावर मेलानॉइड्स ट्युबरक्युलाटा ही गोगलगाय वापरली. तिथे वॉटरक्रेस ही पालेभाजी पाण्याच्या वाफ्यांत पिकवतात. म्हणजे शेतकऱ्याचे पाय दिवसभर पाण्यातच. ही मेलानॉइड्स अंडी घालत नाही, थेट पिल्ले देते. नराची गरज जवळजवळ नाहीच, एकटी मादी वसाहत उभी करू शकते. चौरस मीटरभर जागेत त्या हजारोंनी होतात. काही वर्षांत बऱ्याच वाफ्यांतून बायोम्फॅलेरिया दिसेनाशी झाली.

वाचायला छान वाटते ना? मलाही वाटले होते. पण थांबा. हीच मेलानॉइड्स आफ्रिकेत मूळचीच आहे. तिथे ती बायोम्फॅलेरियाच्या शेजारी पिढ्यानपिढ्या राहते आणि आजारही राहतो! म्हणजे बेटावर जे जमले ते सगळीकडे जमेलच असे नाही. शिवाय मेलानॉइड्स स्वतः दुसऱ्या कृमींना आसरा देते. मेक्सिकोत ती पोहोचली, तिच्यामागून माशांच्या कल्ल्यांत जाणारा सेंट्रोसेस्टस हा कृमीही पसरला. तिची चुलत बहीण शोभेल अशी तारेबिया ही आशियाई गोगलगाय दक्षिण आफ्रिकेतल्या नद्या-तलावांत घुसली आणि आता तिथल्या स्थानिक गोगलगायींनाच धोका झाली आहे. त्या मुलीच्या प्रश्नाचे उत्तर हेच. परत पाठवता येत नाही. औषध फवारणे आपण थांबवू शकतो. सोडलेला जीव थांबवता येत नाही.

माझे स्पष्ट मत असे: मार्टिनिकमधल्या पाण्यात पाय बुडवून बसलेल्या शेतकऱ्याच्या जागी मी असतो तर मीही ती गोगलगाय सोडा म्हटले असते. आणि एक लक्षात घ्या, मेलानॉइड्स त्या बेटावर त्याआधीच पोहोचलेली होती. ती फक्त वाफ्यांत नेली गेली. जिथे ती आधीच आहे तिथे तिचा उपयोग करून घेणे वेगळे आणि समुद्र ओलांडून नवी जात आणून सोडणे वेगळे. दुसऱ्याला माझा विरोध आहे.

सगळे श्रेय गोगलगायींना देणे तर मला मुळीच पटत नाही. सेंट लुशिया बेटावर 1960च्या दशकापासून 1981 पर्यंत वेगवेगळ्या खोऱ्यांत वेगवेगळे उपाय करून पाहिले. एका खोऱ्यात गोगलगायी मारल्या, एकात लोकांना औषध दिले, एकात घरोघरी नळ आणून कपडे धुण्याची व आंघोळीची सोय केली. औषधाने सर्वांत लवकर फरक पडला, पण नळ आलेल्या खोऱ्यातही नवी लागण कमी झाली, कारण बायकांना धुणे घेऊन नदीवर जावेच लागले नाही. शौचालय बांधले की अंडी पाण्यात पोहोचत नाहीत, मग गोगलगाय कोणतीही असो. पण नळ आणि शौचालयाला पैसा लागतो, आणि गोगलगाय फुकटात मिळते. मोह होतो तो इथेच.

ही मेलानॉइड्स आपल्याकडचीही आहे बरं का. पावसाळा संपला की ओढ्याच्या किंवा कालव्याच्या गाळात बघा. मंदिराच्या कळसासारखा लांबट, टोकदार, तपकिरी ठिपक्यांचा शंख दिसेल. वर्गात दाखवायला एखादा रिकामा शंख घेऊन या. जिवंत असेल तर मात्र जिथून घेतली तिथेच सोडा, शाळेच्या टाकीत नको.