वाढदिवसाचं रक्त आणि मे महिना

थॅलेसेमियाच्या मुलाला तपासताना डॉक्टर डाव्या बरगडीखाली बोटं दाबतात आणि प्लीहा किती सेंटिमीटर खाली उतरलीय ते केसपेपरवर लिहितात. मुलाला पुरेसं रक्त मिळतंय का, याचा बराचसा अंदाज त्या आकड्यावरून येतो.

रक्त तयार करणं हे हाडांतल्या मज्जेचं काम. आईच्या पोटात मात्र ते बराच काळ यकृत आणि प्लीहा करतात. थॅलेसेमियात मज्जा राबते भरपूर, पण तिने बनवलेल्या बहुतेक तांबड्या पेशी तिथेच मरतात. मग शरीर ते जुने कारखाने पुन्हा उघडतं. गालाची, कपाळाची हाडं फुगतात, प्लीहा वाढते. आजार मध्यम म्हणून ज्यांना वर्षानुवर्षं रक्त चढवलेलं नसतं, त्यांच्या मणक्यालगत रक्तपेशी बनवणाऱ्या गाठी होऊ शकतात. अशी गाठ मज्जारज्जूवर दाबली की पायांतलं बळ जातं. संशय आधी क्षयाचा किंवा कर्करोगाचा येतो, आणि सुई घालून तुकडा काढावा तर रक्तस्रावाचा धोका! उपचारात हायड्रॉक्सियुरिया असतं, कधी थोडा किरणोपचार, आणि अर्थातच रक्त.

पुण्याला हा आजार नवा नाही. फाळणीनंतर पिंपरी कॅम्पात वसलेल्या सिंधी समाजात त्याचे वाहक जास्त आढळतात. पण तो एकट्या सिंध्यांचा आजार नव्हे. गंभीर रुग्णाला दर 2 ते 4 आठवड्यांनी रक्त लागतं. नियमाने ते मोफत आहे, फक्त रक्तपेढीत शिल्लक हवं.

आपली रक्तदान शिबिरं मात्र चालतात नेत्यांच्या वाढदिवसांवर, जयंत्यांवर, गणपतीवर. एका दिवसात मांडव भरतो. तांबड्या पेशी टिकतात 35 ते 42 दिवस, आणि त्या दिवशी रक्त दिलेला पुरुष पुढचे 3 महिने, स्त्री 4 महिने पुन्हा देऊ शकत नाही. मे उजाडतो, कॉलेजं बंद, निम्मं शहर गावाला. मग आईबापच दाते शोधत फिरतात.

शिबिरांच्या तारखा वर्षभर वाटून देणं राज्य रक्त संक्रमण परिषदेला अवघड नसावं. आणि मंडळांनी गणपतीतलं एक शिबिर मेमध्ये घ्यावं. फ्लेक्सवरचा फोटो तेव्हाही तेवढाच मोठा छापता येतो.