ज्येष्ठांच्या सभागृहातील ऋणको

राज्यसभेला आपण आदराने ‘ज्येष्ठांचे सभागृह’ म्हणतो. विद्या, अनुभव आणि लोकसेवा यांच्या बळावर तेथे प्रवेश मिळावा, ही अपेक्षा. विजय मल्ल्या यांच्या कारकिर्दीने या अपेक्षेची जेवढी विटंबना केली, तेवढी क्वचितच कोणी केली असेल. मात्र सारा दोष एकट्या मल्ल्यांच्या माथी मारून मोकळे होणे, ही आत्मवंचना ठरेल.

२००२ साली ते कर्नाटकातून अपक्ष म्हणून निवडून आले, ते काँग्रेस आणि जनता दल (सेक्युलर) यांच्या पाठबळावर. २०१० मध्ये पुन्हा आले, तेव्हा जनता दलाच्या जोडीला भारतीय जनता पक्ष होता. एरवी परस्परांवर तुटून पडणारे पक्ष आळीपाळीने एकाच मद्यसम्राटामागे उभे राहतात, तेव्हा त्यांना जोडणारा धागा विचारांचा असतो की थैलीचा? मल्ल्यांचा वैचारिक पिंड कोणता, हे विचारण्याची गरज कोणालाच भासली नाही.

२००५ साली किंगफिशर एअरलाइन्सची विमाने उडू लागली. या कंपनीचा मालकच नागरी विमान वाहतूक खात्याशी संबंधित संसदीय समितीत बसत होता. कुंपणाने शेत खावे, यासाठी याहून सोयीची व्यवस्था कोणती? कंपनीला नफा कधी दिसलाच नाही. पण मार्च २००९ मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात गांधीजींचा चष्मा आणि चपला १८ लाख डॉलर्सना घेऊन मालकाने देशभक्तीचे टाळीबाज प्रदर्शन मांडले. दारूबंदीसाठी आयुष्य वेचणाऱ्या महात्म्याच्या वस्तू मद्याच्या पैशाने घरी आल्या, आणि देश टाळ्या पिटत राहिला!

बँकांचे औदार्य तर थक्क करणारे. २०११ मध्ये त्यांनी थकीत कर्जाचे रूपांतर कंपनीच्या समभागांत केले, तेही बाजारभावाहून कितीतरी चढ्या दराने. ज्या नाममुद्रेला तारण मानले होते, तिला एप्रिल २०१६ च्या लिलावात एकही बोली लागली नाही. आमच्या शेतकऱ्याच्या सातबाऱ्यावर काही हजारांचा बोजा तत्काळ चढतो. येथे मात्र १७ बँका सुमारे ९,००० कोटींसाठी हात चोळत बसल्या.

ऑक्टोबर २०१२ मध्ये विमाने जमिनीवर आली, तेव्हा कर्मचाऱ्यांचे कित्येक महिन्यांचे वेतन थकले होते. तरी डिसेंबर २०१५ मध्ये गोव्याच्या बंगल्यात मालकाची साठी थाटात साजरी झाली. ऋण काढून सण म्हणतात तो हाच.

२ मार्च २०१६ रोजी हे खासदार महोदय देश सोडून गेले. विमानतळावर ‘अडवा’ अशी असलेली सूचना ‘केवळ कळवा’ अशी सौम्य झालेली होती. पुढे सीबीआयने तिला निर्णयातील चूक म्हटले. अरुण जेटली यांनी २०१८ मध्ये सांगितले, की मल्ल्यांनी खासदारकीच्या विशेषाधिकाराचा गैरवापर करून संसदेच्या आवारात त्यांना गाठले होते. सभागृहाच्या नीतिमत्ता समितीने हकालपट्टीची शिफारस केली, ती मे २०१६ मध्ये, म्हणजे वरातीमागून घोडे!

‘बँकांनी माझ्याकडून देण्याहून अधिक वसूल केले,’ असा मल्ल्यांचा आता दावा आहे. सुमारे १४,१३१ कोटींची मालमत्ता सरकारी बँकांना परत मिळाली, हे अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी डिसेंबर २०२४ मध्ये लोकसभेत सांगितले, हे खरे. पण ही रक्कम ऋणकोने प्रामाणिकपणे फेडलेली नाही. ती जप्ती आणि विक्रीतून आली आहे. हिशेबाचा वाद न्यायालयात येऊन मांडता येतो. त्यासाठी लंडनमध्ये मुक्काम ठोकण्याचे कारण नाही.

खरा प्रश्न उद्याच्या मल्ल्यांचा आहे. ज्या क्षेत्रात सदस्याचा धंदा आहे, त्या क्षेत्राच्या समितीत त्याला स्थान असू नये. हेतुतः कर्ज बुडवणाऱ्यास उमेदवारीच मिळू नये. आणि आमदारांनी कोणाला मत दिले, याचा जाब मतदारांनी मतदारसंघात विचारावा. दार उघडणारे हात मोकळेच राहिले, तर आत शिरणाऱ्याला शिव्या देऊन काय साधणार?